खांबेट्यांचा सायलेन्सर

शरच्चंद्र खांबेटे बोलत नसत. म्हणजे मुके नव्हते. आवाज होता, आणि तो चांगला असावा असा घरात समज होता. पण तो वापरायची वेळ आली की खांबेटे आधी विचार करत, आणि त्यांचा विचार पुरा होईपर्यंत समोरच्या माणसानं "मग ठरलं तर!" म्हणून पायात चपला सरकवलेल्या असत.

गप्प बसलेल्या माणसाचा होकार गृहीत धरायची आपल्याकडे एक वाईट खोड आहे. खांबेट्यांचं सगळं आयुष्य या खोडीनंच चालवलं. कॉलेजात असताना त्यांना मिशी राखायची होती. न्हाव्यानं वस्तरा परजून विचारलं, "उडवू?" खांबेटे विचारात पडले, तोवर अर्धी गेली. उरलेल्या अर्धीबद्दल विचार करण्यासारखं मग काही राहिलं नाही. पंगतीत जिलबी घेऊन येणारा वाढपी पानावर हात आडवा होतो का तेवढं पाहतो. यांचा हात मांडीवरच. त्यामुळे जिलबी मुळीच न आवडणारा हा गृहस्थ पुण्यातल्या बऱ्याच मंगल कार्यालयांत जिलबीचा दर्दी म्हणून ओळखला जाई, आणि आग्रह करणारे लांबून त्यांना हेरून धावत येत. नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्यात कारकुनाची केली. तिथे कागदाखाली "सादर" एवढं लिहिलं की भागत असे, म्हणून ती त्यांना मानवली.

लग्नाचंही तसंच. ते गेले होते चुलतभावासाठी मुलगी पाहायला, सोबत म्हणून. पोहे झाल्यावर चुलतभाऊ हात धुवायला आत गेला आणि मुलीच्या वडिलांनी भलत्यालाच विचारलं, "मग, पसंत आहे ना?" चुलतभाऊ हात पुसत बाहेर आला तेव्हा पेढे वाटणं चाललं होतं. यात कुणाचं नुकसान झालं असं मात्र नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. चुलतभावाला मुलगी जरा बोलकी वाटली होती, आणि खांबेट्यांना ती नेमकी त्याचसाठी पाहताक्षणी आवडली होती. फक्त हे त्यांनी पद्मजाबाईंना सांगितलं नव्हतं. सांगू, सांगू म्हणेपर्यंत सलिल झाला, इंजिनिअर झाला, आयटीत लागला आणि अमेरिकेला गेला.

पद्मजाबाई शाळेत भूगोल शिकवत. वर्गात बोलत आणि घरी येऊन दोघांच्या वाटचं बोलत. सकाळी उठल्यापासून त्यांचं सुरू होई: आज काय करू, दूधवाला पाणी घालतो का, पलीकडच्या जोश्यांची सून माहेरी का गेली, कृष्णेला पूर का येतो. उत्तराची वाट पाहणं त्यांनी लग्नानंतर लवकरच सोडून दिलं होतं. रेडिओही उत्तराची वाट पाहत नाही.

एरंडवण्यात पहिल्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. निवृत्तीनंतर खांबेट्यांचा मुक्काम बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत. लोकांना वाटे, म्हातारा रिकामा बसलाय. तो रिकामा नव्हता, ऐकत होता. कुठल्या घरातला कुकर कितव्या शिट्टीला बंद होतो, वरच्या मजल्यावरचा तबला कुठे अडखळतो, कोपऱ्यावरचा शहाळेवाला कुणाशी खोटं बोलतोय, हे सगळं त्यांना ठाऊक. स्वतः आवाज न करणाऱ्या माणसाला दुसऱ्यांच्या आवाजाची ऊब लागते. ती काढून घेतली तर आपण आहोत की नाही हेच आपल्याला कळणार नाही, असं खांबेट्यांना मनातून वाटे. आणि तीच काढून घ्यायचा घाट सलिलनं घातला होता.

त्याचं असं झालं. सलिलनं कॉम्प्युटरवरून सांगितलं, की हडपसरच्या पुढे मांजरी गावाला, उसाच्या फडांना लागून, 'सांजसावली' नावाची ज्येष्ठांसाठी वसाहत होते आहे. डॉक्टर खाली, लिफ्टला मोठी बटणं, जेवणाची सोय, आणि मुख्य म्हणजे शांतता. एरंडवण्याचा फ्लॅट विकायचा आणि तिकडे राहायला जायचं. त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली. चित्रात पांढऱ्या केसांची माणसं हिरवळीवर हसत होती. कशाला हसत होती ते कळत नव्हतं.

"बाबा, तुम्हाला चालेल ना?" सलिलनं विचारलं.

खांबेट्यांनी विचार सुरू केला. नको म्हणायचं हे नक्की होतं, पण पोराच्या जिवाला लागणार नाही असं कसं म्हणायचं?

"आई, बाबा फ्रीझ झालेत का? नेट गेलं का तुमच्याकडचं?"

"नेट आहे," पद्मजाबाई म्हणाल्या. "ते असेच असतात."

"ओके. मग डन! डिसेंबरमध्ये येतोय, तेव्हा अ‍ॅग्रीमेंट करून टाकू."

पडदा काळा झाला. त्यात खांबेट्यांना आपला चेहरा दिसला. तोंड उघडं होतं.

आता मोटरसायकलीचं. अमेरिकेला जाताना सलिल आपली बुलेट जिन्याखाली ठेवून गेला होता, आणि "आठवड्यातून एकदा चालू करा, नाहीतर बॅटरी बसेल," असं सांगून गेला होता. खांबेट्यांनी नोकरीत असताना खडकवासल्यापर्यंत सरकारी कामाला मोटरसायकल मारलेली, त्यामुळे भीती नव्हती. ते दर रविवारी खाली जात, कुणी पाहत नाहीसं पाहून किक मारत, म्हात्रे पुलापर्यंत चक्कर मारून येत आणि गाडीवर पुन्हा चादर घालत. सांगितलेलं काम ते करतच. न सांगितलेलं त्यांना सुचत नसे.

डिसेंबरचं ठरलं त्याच पंधरवड्यात बुलेट सुरू होईना. ती ढकलत ते दत्तवाडीतल्या वैजनाथच्या गॅरेजात घेऊन गेले. वैजनाथ उदगीरचा. कंपनीत लागायला म्हणून पुण्यात आला आणि गॅरेजात लागला, पण बुलेटच्या बाबतीत त्याची काही ठाम मतं होती. प्लग साफ करून त्यानं गाडी चालू केली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, ही काय बुलेट हाय का शिलाई मशीन? आवाजच न्हाई की हो."

खांबेटे पाहत राहिले.

"जरा मोकळा करू का सायलेन्सर?"

खांबेटे विचारात पडले. मोकळा म्हणजे काय, कोंडलेला कोण होता, आणि नको म्हटलं तर या मुलाला वाईट वाटेल का? एवढा वेळ वैजनाथला पुष्कळ होता. सायलेन्सरच्या पोटात आवाज अडवायला जाळ्या आणि पडदे असतात. ते त्यानं कापून काढले, वेल्डिंग मारलं, मागे एक चकचकीत फाकलेलं शेपूट जोडलं आणि कौतुकानं लांब उभा राहिला.

"मारा काका किक. एकदम खानदानी काम केलोय बघा."

खांबेट्यांनी किक मारली.

गॅरेजच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. समोरच्या पिठाच्या गिरणीतून गिरणीवाला बाहेर आला. गिरणी चालू असताना बाहेरचं काही ऐकू आल्याची त्याची ती पहिलीच वेळ. खांबेट्यांच्या दाढा हलल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला आणि छातीत, जिथं एरवी नुसता विचार चालत असे, तिथं काहीतरी धडाधडा वाजायला लागलं. त्यांनी घाबरून मूठ सोडली, तर मागून लागोपाठ फटाके फुटले. सबंध आयुष्यात त्यांच्या हातून झालेला हा पहिला आवाज. "काढून टाक ते," असं म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं, पण म्हणेपर्यंत वैजनाथनं दुसऱ्या गाडीखाली पथारी पसरली होती. आणि खरं सांगायचं तर खांबेट्यांनी फारशी घाईही केली नाही.

म्हात्रे पुलावर एक रिक्षावाला बाजूला झाला. हे वाक्य पुण्याबाहेरच्या वाचकाला साधं वाटेल. पुणेकरांनी ते पुन्हा वाचावं.

सोसायटीत शिरताच अध्यक्ष रंगनाथराव तावातावानं खाली आले. रंगनाथरावांनी पूर्वी कधीतरी आपली मोटार खांबेट्यांच्या जागेत लावून "चालेल ना?" असं विचारलं होतं आणि ती तिथे तेव्हापासून होती. बुलेट बिचारी जिन्याखाली.

"खांबेटे, हा काय प्रकार आहे? सभ्य माणसांची सोसायटी आहे ही! उद्यापासून हे बंद होणार आहे की नाही?"

खांबेट्यांना उत्तर द्यायचं होतं. "बंद करतो" असंच द्यायचं होतं. पण विचाराच्या भरात मूठ पिळली गेली आणि बुलेटनं असा काही आवाज काढला की रंगनाथराव दोन पायऱ्या मागे चढले.

"नाही, म्हणजे... तुमच्या सवडीनं," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "आणि ती मोटार मी काढून घेतो. अडचण होते ना तुम्हाला."

खांबेटे जिना चढले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्यासमोर शब्द मागे घेतला होता. त्या दुपारी त्यांनी खिडकीतून आपली रिकामी जागा पुन्हा पुन्हा वाकून पाहिली.

मग मात्र माणूस बिघडला. आठवड्यातून एकदाची चक्कर रोजची झाली. त्यांच्या मुठीला हळूहळू भाषा आली. नुसतं गुरगुरणं म्हणजे "ऐकतोय." एक छोटा झटका म्हणजे "बरं." लांब पीळ म्हणजे "मुळीच नाही," आणि मूठ सोडून फुटलेले फटाके म्हणजे "आता पुरे." भाजीवाला सुटे नाहीत म्हणाला की लांब पीळ, लगेच सुटे निघत. बँकेच्या दारातला रखवालदार त्यांच्यासाठी दुसऱ्यांच्या स्कूटरी सरकवू लागला.

पद्मजाबाई आधी भडकल्या. "लाज नाही वाटत या वयात? पोरं बरी की हो तुमच्यापेक्षा!" असं त्या वरच्या बाल्कनीतून म्हणाल्या. खालून फटाके फुटले. लग्नानंतर प्रथमच त्यांना उलट उत्तर मिळालं होतं. आणि मग, काय सांगावं, त्यांचा आवाज आणखी चढला. पण त्यात एक वेगळाच हुरूप होता. त्या दिवसापासून नवरा-बायकोचं रोज सकाळी भांडण होऊ लागलं. या वर, ते खाली.

"भाचीच्या वास्तुशांतीला यायचंय, ठाऊक आहे ना?"

लांब पीळ.

"मागच्या वेळीही नाही आलात!"

फटाके.

"बरं, निदान आहेर तरी नेऊन द्याल?"

छोटा झटका.

सगळी सोसायटी चहाचे कप घेऊन खिडक्यांत. रंगनाथरावांनी आवाजाविरुद्ध सभेत ठराव मांडला तेव्हा त्याला अनुमोदन द्यायला कुणी हात वर केला नाही. प्रत्येकाला पुढचं ऐकायचं होतं.

हे सगळं मजेचं होतं, पण डिसेंबर जवळ येत होता. पद्मजाबाई जुन्या साड्या बोहारणीला द्यायला काढत. दिवाणखान्यात खोकी जमत. आपल्याला जायचं नाही हे बायकोला सांगायला हवं होतं. बाल्कनीखालून सांगणं त्यांना बरं वाटेना. भाचीची वास्तुशांत वेगळी आणि स्वतःचं घर मोडणं वेगळं. सलिल आला की त्याच्यासमोर, दोघांना एकदमच सांगायचं असं त्यांनी ठरवलं. अर्थात बुलेटवरून.

त्यासाठी ते नदीपात्रातल्या रस्त्यावर जाऊन सराव करू लागले. नुसता लांब पीळ पुरणार नव्हता. "नाही" कसं स्वच्छ उमटायला हवं, कुणाला शंका राहता कामा नये. त्यांनी तऱ्हा शोधली: एक दमदार पीळ, मध्ये श्वासाएवढं थांबणं, मग त्याहून मोठा, आणि शेवटी फटाक्यांची माळ. मन लावून ते हे घोटत राहिले. शेजारी मैदानात ढोल-ताशा पथकाचा सराव चाले. त्या पथकानं येऊन, तुमच्या आवाजाचा आम्हाला त्रास होतो अशी तक्रार केली, यावरून काय ते समजा.

सलिल आला. उतरल्या उतरल्या मांजरीला जायचं ठरवूनच आला होता. दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी दारात आली, पद्मजाबाई पैठणी नेसून बसल्या, आणि खांबेटे बुलेटवर.

"बाबा, अहो गाडी आहे ना!"

किक. सलिल दोन्ही हात कानांवर ठेवून आईकडे बघत राहिला. पद्मजाबाई म्हणाल्या, "ते येतील मागून. त्यांना हल्ली असंच लागतं." त्यांच्या बोलण्यात कौतुक होतं की तक्रार, ते त्या स्वतःही सांगू शकल्या नसत्या.

हडपसरला वाहतूक पोलिसानं हात केला. खांबेटे निमूट बाजूला थांबले.

"आजोबा, हा सायलेन्सर कुठला बसवलाय? माहिती नाही का, चालत नाही ते?"

खांबेटे विचारात पडले.

"आजोबा! मी काय विचारतोय?" पोलीस ओरडला.

चूक आपली आहे हे तर खरंच. पण वैजनाथचं नाव कसं घ्यायचं? खांबेटे त्याच्याकडे केविलवाणं पाहत राहिले. पोलिसाच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पडला. त्यानं आपल्या कानाला हात लावून मग नकारार्थी बोटं हलवून दाखवली. "ऐकू येत नाही होय? तरीच एवढा आवाज लागतो! घरी गेल्यावर पोराला म्हणावं, बदलून घे. जा, सावकाश जा," असं तो खुणांनी सांगत राहिला आणि त्यानं स्वतः वाहनं थांबवून त्यांना रस्ता करून दिला. पुढे बराच वेळ खांबेट्यांना शरम वाटत राहिली.

मांजरीला उसाच्या फडांमध्ये एकच इमारत उभी होती, बाकीच्या चित्रात. विक्रीच्या ऑफिसातल्या ऋचा नावाच्या मुलीनं त्यांना सगळं हिंडून दाखवलं.

"काका, काकू, एव्हरीथिंग इज सीनियर-फ्रेंडली. बाथरूममध्ये ग्रॅब बार, बेडला बेल. आणि नॉईज तर ऑलमोस्ट झीरो! ऐका ना."

सगळे उभे राहून ऐकू लागले. खरंच काही नव्हतं. ना कुकर, ना तबला. उसाची पानं तेवढी घासत होती. खांबेट्यांच्या अंगावर काटा आला. या खिडकीत आपण बसलो तर काही दिवसांनी खुर्चीत कुणी आहे हे कुणाच्या लक्षातही येणार नाही, आपल्यासुद्धा, असं त्यांना वाटलं.

पद्मजाबाई मात्र भोजनगृहात रेंगाळल्या होत्या. तिथे भिंतीवर एक फळा होता आणि नमुन्यादाखल त्यावर लिहिलं होतं: आज फ्लॉवर-बटाटा, मुगाची आमटी, काकडीची कोशींबिर. पद्मजाबाई तो फळा वाचून झाल्यावरही त्याच्यासमोर उभ्या होत्या. बोलत नव्हत्या, हे कुणी पाहिलं नाही.

मग टेबलावर कागद आले. सलिलनं पेनचं टोपण काढून बाबांपुढे धरलं.

"बाबा, इथे सही. चालेल ना?"

खांबेटे उठले आणि बाहेर गेले. "टॉयलेट डावीकडे, काका," असं ऋचा म्हणाली तोपर्यंत त्यांनी किक मारली होती.

नदीपात्रात घोटलेलं सगळं त्यांनी त्या अंगणात ओतलं. दमदार पीळ, थांबणं, त्याहून मोठा पीळ, माळ. ऑफिसच्या काचा थरथरल्या, फडातून बगळ्यांचा थवा उठला, परांचीवर काम करणाऱ्या गवंड्यांनी हातातली थापी खाली ठेवली. सगळे धावत बाहेर आले. खांबेट्यांनी सलिलच्या डोळ्यांत डोळे घालून पुन्हा सगळं पहिल्यापासून म्हटलं. याहून स्वच्छ "नाही" या पृथ्वीवर कुणी म्हटलं नसेल.

"आई, बघ ना!" सलिलचे डोळे पाणावले. "बाबा किती खूश झालेत! मी त्यांना असं कधी पाहिलंच नव्हतं!"

"सो क्यूट!" ऋचानं मोबाइल पुढे धरला. "काका, एकदा परत ना, प्लीज! आपल्या पेजवर टाकते. हॅपी रेसिडेंट्स!"

खांबेट्यांनी संतापून मूठ पिळली. गवंड्यांनी शिट्ट्या मारल्या. आणखी पिळली. टाळ्या पडल्या. तेव्हा कुठे त्यांना उमगलं. इतकी वर्षं ते गप्प बसत आणि लोक त्याला होकार समजत. आता सबंध गाव हादरवलं तरी लोक होकारच समजत होते. ज्यांना "हो"च ऐकायचं आहे त्यांना काहीही वाजवून दाखवा. त्यांना रडू येईलसं झालं.

त्यांनी किल्ली फिरवली. बुलेट बंद झाली. एवढ्या आवाजानंतर ती शांतता कानाला टोचू लागली.

"मला इथे यायचं नाही," खांबेटे म्हणाले.

आवाज चिरका निघाला, मधेच फाटला, पण शब्द सगळे आले. सलिलनं आजूबाजूला पाहिलं. कोण बोललं हेच त्याला कळेना.

"मला यायचं नाही. मला आपल्या घरी राहायचंय. तिथे ऐकू येतं."

"पण बाबा, मग आधी का नाही बोललात?"

ऋचानं हळूच मोबाइल खाली घेतला.

"मला यायचंय," पद्मजाबाई म्हणाल्या.

खांबेटे गाडीवरून उतरायचे थांबले. हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. गप्प माणसाच्या मनात काय आहे हे समजण्यात जग त्यांच्याबाबत चुकत आलं होतं. पण सतत बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे हे त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं, नुसता आवाज ऐकला होता.

"का?" त्यांनी विचारलं.

"त्या फळ्यासाठी," पद्मजाबाई म्हणाल्या. नेहमीसारख्या भराभर नाही, थांबून थांबून. "रोज सकाळी उठून तुम्हाला विचारते, आज काय करू? एक दिवस उत्तर नाही. मग माझं मीच ठरवायचं, मीच करायचं, मीच वाढायचं आणि मीच विचारायचं, बरं झालंय का? त्यालाही उत्तर नाही. स्वयंपाकाचा कंटाळा नाही हो मला. विचारायचा आलाय. इथे लिहिलेलं असतं. कुणाला विचारावं लागत नाही."

गवंडी कामाला लागले. सलिल पेनचं टोपण लावत, काढत राहिला. खांबेटे विचार करू लागले, पण या वेळी फार वेळ घेणं बरं नाही हे त्यांना कळत होतं.

"दुधी नको," ते म्हणाले.

"काय?"

"आज. दुधी नको. मला दुधी आवडत नाही. कधीच नव्हता."

"अहो, आठवड्यातून दोनदा करते मी! तुमच्यासाठी म्हणून करते! निमूट खाता, मला वाटलं..." पद्मजाबाईंना पुढचं बोलता येईना. त्यांना हसू येत होतं आणि पदर डोळ्यांना लावावा लागत होता. "मग काय करू?"

"भरली वांगी. वांगी मी चिरून देईन. आणि तुला तरीही इथेच यायचं असेल तर..." इथे त्यांचा आवाज पुन्हा फाटला. "तर येईन मी. पण मला विचार आणि थांब जरा. मी सांगतो. वेळ लागतो मला."

पद्मजाबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग सलिलला म्हणाल्या, "ठेव ते कागद पिशवीत. फ्लॅट विकायचा नाही. यांचं पाहते मी थोडे दिवस. नाही जमलं तर मी एकटी येईन इथे, ह्यांना सोडून." ऋचाला त्यांनी फळ्यावरचं कोशिंबीर शुद्ध कसं लिहायचं तेवढं समजावून दिलं आणि पैठणीचा पदर खोचून सरळ बुलेटच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. सलिलनं भाड्याच्या गाडीतून एकट्यानं यायचं ठरलं.

रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस होता आणि ऊन चढलं होतं. पद्मजाबाई मागून बोलत होत्या. खांबेट्यांना त्यांची हनुवटी खांद्यावर हलताना जाणवत होती. कधी भराभर, कधी सावकाश, आणि एकदा बराच वेळ थांबून. पण सायलेन्सरच्या त्या धडाक्यात शब्द एकही ऐकू येईना. आयुष्यभर कानावर पडणारं जे बोलणं त्यांनी हवेसारखं गृहीत धरलं होतं, ते आता मिळेना म्हटल्यावर त्यांचा जीव कासावीस झाला.

त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि मान वळवून विचारलं, "काय म्हणालीस?"

पद्मजाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. असं त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे आपण काय म्हणालो ते त्यांना चटकन आठवेना. खांबेटे गाडीवर तसेच मान वळवून, वाट पाहत बसून राहिले.